मूळकुज किडींमुळे पसरते का? पॉलिहाऊसमधील तपासणीची रीत

मावळ भागातील जरबेरा किंवा ढोबळी मिरचीच्या पॉलिहाऊसमध्ये एकामागून एक झाडे माना टाकू लागली, की पहिला संशय किडींवर जातो आणि फवारणीचा पंप बाहेर निघतो. हा संशय बहुतेक वेळा चुकीचा असतो. पांढरी माशी, मावा आणि फुलकिडे रस शोषतात, काही विषाणूजन्य रोगही पसरवतात. परंतु मुळे कुजवणारे पिथियम किंवा फायटोप्थोरा हे बुरशीसारखे सूक्ष्मजीव त्यांच्यामार्फत येत नाहीत.

अपवाद आहे तो ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर) घोटाळणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या बारीक काळ्या माशीचा, म्हणजे फंगस नॅटचा. तिच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात आणि त्या जखमांतून रोगाला वाट मिळते. अळीने खाल्लेले पिथियमचे बीजाणू तिच्या विष्ठेतून जिवंत बाहेर पडू शकतात. मात्र अळीची माशी होईपर्यंत ते सहसा टिकत नाहीत. फ्युजारियम या बुरशीची गोष्ट वेगळी, कारण त्याचे बीजाणू माशीच्या अंगाला चिकटून दुसऱ्या वाफ्यावर जाऊ शकतात.

म्हणून आधी मूळ पाहावे. नुकतेच कोमेजलेले झाड (पूर्ण वाळलेले नव्हे) मातीसकट उपटून मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावीत आणि एक मूळ चिमटीत धरून ओढावे. वरची साल मोज्यासारखी निसटून आत नुसता दोरा उरला, तर पिथियमचा संशय बळावतो. साल शाबूत असून खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या, तर फ्युजारियमची शक्यता अधिक. हा फरक पैशांचा आहे: कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक पिथियमवर चालत नाही आणि मेटॅलॅक्सिल हे दुसरे बुरशीनाशक फ्युजारियमवर चालत नाही. खात्री नसेल तर आळवणीची (औषधाचे द्रावण मुळाशी ओतण्याची) घाई न करता पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागाला नमुना दाखवावा.

अळ्या शोधण्यासाठी बटाट्याची जाड चकती कोकोपीटवर दाबून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहावी. काळ्या चकचकीत डोक्याच्या, काचेसारख्या पांढुरक्या अळ्या दिसल्या, तर वरचा थर दोन पाण्यांच्या मधे सुकू द्यावा, बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची आळवणी करावी आणि पिवळे चिकट सापळे वाफ्यालगत आडवे ठेवावेत. उंच टांगलेल्या सापळ्यावर पांढरी माशी भरपूर सापडते, फंगस नॅट कमी.

खरा वाहक बहुधा पाणी असते. मर एकाच ओळीत, उताराच्या दिशेने सरकत असेल, तर ठिबकची गळणारी जोडणी, तुंबलेला निचरा आणि परत वापरले जाणारे पाणी तपासावे. पावसाळ्यात तर हेच आधी. त्यानंतर फुले काढणाऱ्यांचे बूट, कटर आणि न धुता पुन्हा भरलेल्या कुंड्या. रोगट वाफ्यातील काम दिवसाच्या शेवटी ठेवावे आणि उपटलेले झाड वाफ्यांवरून ओढत न नेता जागेवरच पिशवीत बांधून बाहेर काढावे.