दारू सोडवण्याचा उपाय मोबाइलवर शोधताना

घरच्या माणसाची दारू सुटावी म्हणून इंटरनेट उघडले, की 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात हमखास समोर येते. चहात किंवा भाजीत कालवायच्या अशा पुडीवर पुष्कळदा घटकांची नावेही नसतात. तिच्यात डायसल्फिराम असल्यास प्रकरण गंभीर होऊ शकते. हे औषध मानसोपचारतज्ज्ञही देतात, परंतु तपासण्या करून आणि रुग्णाची संमती घेऊन. कारण ते अंगात असताना दारू घेतली तर छातीत धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि क्वचित जिवावरही बेतते. चोरून औषध घातल्याचे उघडकीस आले, की तो माणूस घरच्या चहालाही तोंड लावत नाही, ते वेगळेच.

'आजपासून एकदम बंद' हा सल्लाही सरसकट पाळू नये. सकाळी हात थरथरतात म्हणून ज्याला उतारा म्हणून पुन्हा दारूच घ्यावी लागते, त्याने रोजची दारू अचानक थांबवल्यास साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम, तीव्र घाम व ताप अशी अवस्था उद्भवू शकते. अशा व्यक्तीची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बरळू लागला, तर मोबाइलवर वाचत न बसता महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वाचलेल्या माहितीतून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढावेत, गोळ्यांचे डोस काढू नयेत. लेखक कोण, त्याची पात्रता काय आणि मजकुराखाली काही विकले जाते का, हे आधी पाहावे. 'मोफत सल्ला' देणाऱ्या अनोळखी फॉर्ममध्ये नाव-नंबर भरू नये. त्याऐवजी एका कागदावर रोजचे प्रमाण ('थोडीशी' नव्हे, किती क्वार्टर ते), शेवटचे कधी घेतली, पूर्वी फिट आली होती का आणि मधुमेह-रक्तदाबाची कोणती औषधे चालू आहेत, एवढे लिहून तो डॉक्टरांकडे न्यावा.

कुठे जावे हे कळत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हे सरकारी क्रमांक आहेत. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करत आहे. इतर केंद्रांना मात्र फोनवर थेट विचारावे: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, नातेवाइकांना भेटू देतात का, घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा कसा होतो? 'माणूस घरातून उचलून नेऊ' असे अभिमानाने सांगणाऱ्यांपासून चार हात दूरच राहावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू होतो, आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे.

पिणारा माणूस कुठेच यायला तयार नसेल, तरी पत्नीने किंवा आईवडिलांनी समुपदेशकाला एकटे भेटायला हरकत नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या परस्पर-मदत गटाच्या सभा पिणाऱ्यासाठी असतात, तशा अल-ॲनॉनच्या सभा खास कुटुंबीयांसाठी भरतात. तिथे प्रवेश फी नसते आणि आडनावही विचारत नाहीत.