घरचं फॅक्स मशीन: या चुका टाळा

फॅक्स जात नाही म्हटलं की लोक पहिलं काम करतात ते फॅक्टरी रीसेटचं. सेव्ह केलेले नंबर उडतात, बिघाड जागच्या जागी. त्याआधी त्याच मशीनवर एका कागदाची साधी कॉपी काढून बघा ना! कॉपी स्वच्छ आली तर मशीनला हात लावू नका, लाइन तपासा.

आणि लाइनचा घोळ बहुतेक वेळा आपणच घातलेला असतो. ओळखीतल्या एका वकीलबाई घरूनच काम करतात. त्यांचा फॅक्स सकाळी व्यवस्थित जायचा, संध्याकाळी मधेच तुटायचा. मेकॅनिकने बोर्ड बदलायला सांगितलं होतं. मी संध्याकाळी मुद्दाम जाऊन बसलो. दुसरं पान अर्धं आत गेलं आणि मशीन थबकलं. आतल्या खोलीत सासूबाईंनी फोन उचलला होता! "कसली ही किंचाळी," म्हणून त्यांनी ठेवूनही दिला, पण तेवढ्यात कॉल तुटला होता. भिंतीतली वायर मशीनच्या 'लाइन' सॉकेटमध्ये आणि घरातला फोन 'एक्स्ट'मध्ये, एवढंच करायचं होतं. या जोडणीत फॅक्स चालू असताना बहुतेक मशीन तो फोन तोडून ठेवतात. कॉल वेटिंगही बंद करा. त्याची एक बीप पान खराब करायला पुरेशी असते.

इंटरनेटवरच्या फोनलाइनवर फॅक्सचा स्पीड 14,400 वरून 9,600 बिट्स प्रति सेकंदावर आणा आणि फोन कंपनीला टी.38 (इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत) चालतं का विचारा. "ईसीएम (चूक सुधारणारी सेटिंग) बंद करा, पटापट जातं" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ईसीएम बिघडलेला भाग पुन्हा मागवतं, म्हणून वेळ लागतो. ते बंद केलं की ओळी गाळूनही पान 'यशस्वी' म्हणून पोचतं. आकड्यांच्या कागदावर हे चालणार आहे का? घाई असेल तर फोन करा.

कॉपीवरच उभी काळी रेघ दिसते? टोनर आणायला पळू नका. कागद ज्या अरुंद काचेवरून सरकतो, तिथे बहुतेकदा व्हाइटनरचा ठिपका वाळलेला असतो. कागद पुढे जातो, ठिपका हलत नाही, त्याची रेघ होते. तो डोळ्यांना दिसेलच असं नाही. मी बोटाचं टोक फिरवून शोधतो आणि ओलसर सुती कापडाने पुसतो. ब्लेडने खरवडलेली काच मात्र मग बदलावीच लागते.

समोरच्याला कोरं पान मिळतंय? बहुधा तुम्ही कागद उलटा घातलाय. थर्मल रोलवर (उष्णतेने काळा होणाऱ्या कागदावर) काहीच उमटत नसेल तर नखाने ओरखडा काढा. काळा उमटतो ती बाजू छापणाऱ्या हेडकडे हवी. बारीक अक्षरांना 'फाइन' हे रिझोल्यूशन लावा. शाईच्या फिल्मवर छापणाऱ्या मशीनची वापरलेली फिल्म अख्खी टाकू नका, आलेलं प्रत्येक पान तिच्यावर वाचता येतं. मी ती कात्रीने बारीक कापूनच टाकतो.