वाचायचा चष्मा आधी पिशवीत टाका

दर नोव्हेंबरात भारतातून कुणी ना कुणी आमच्याकडे उतरतं. त्यांना मी आयफेल टॉवर एकट्याने बघून यायला सांगते, पण पोर्त द व्हर्सायच्या जत्रेला मात्र सोबत जाते. जत्रा हा माझा शब्द. अधिकृत नाव 'एमआयएफ एक्स्पो', म्हणजे 'मेड इन फ्रान्स'. २०१२ पासून भरते. फ्रान्समध्ये बनलेल्या वस्तू आणि खाणं, बनवणारे किंवा त्यांची माणसं स्वतः गाळ्यावर, आणि हवं ते विकत घेण्याची सोय. भीमथडीला गेलेल्या माणसाला यापेक्षा जास्त समजवावं लागत नाही. फरक एवढाच की इथे धूळ नाही आणि पिठलं-भाकरी नाही.

या वर्षी सोबत यायला मला जमणार नाही, म्हणून जे तोंडी सांगत आले ते लिहून ठेवते.

पहिल्यांदा वाचायचा चष्मा. चाळिशी लागली असेल तर पासपोर्टच्या आधी तो बॅगेत टाका. या जत्रेत सगळं गुपित लेबलावरच्या बारीक अक्षरांत असतं, आणि फोनवर भाषांतराचं अ‍ॅप असलं तरी त्यालाही अक्षर नीट दिसावं लागतं. फ्रेंच भाषा आधीच उतरवून घ्या, भरगच्च हॉलमध्ये नेटवर विसंबू नका.

पोचण्याचं सोपं आहे, तरी चूक होतेच. पोर्त द व्हर्साय म्हणजे व्हर्सायचा राजवाडा नव्हे. हे पॅरिसच्या दक्षिण कडेचं प्रदर्शनाचं मैदान. मेट्रो १२ याच नावाच्या स्टेशनवर सोडते, टी-२ आणि टी-३ए या ट्रामही येतात. माझी आत्या एकदा 'व्हर्साय' एवढंच वाचून उपनगरी गाडीत बसली आणि दुपारी राजवाड्याच्या दारातून तिचा फोन आला. राजवाडा बघून आली, जत्रा राहिली. मेट्रोसाठी 'नाव्हिगो ईझी' कार्ड दोन युरोला मिळतं, ते माणशी एक लागतं. एका कार्डावर दोघं जाता येत नाही, आणि तपासनीस दया दाखवत नाहीत. जत्रेच्या तारखा आणि वेळा दर वर्षी बदलतात, तिकीट ऑनलाइन काढतानाच त्या बघून घ्या. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.

बाहेर थंडी, आत उकाडा. सुटणारे, उतरणारे कपडे घाला आणि जाड कोट हातावर वागवत फिरू नका, कोट ठेवायची जागा विचारून घ्या. पायात रोजचे, मळलेले बूट. एवढं पुरे.

आता खरी तयारी. घरी बसून चार शब्द पाठ करा. 'फाब्रिके आं फ्रांस' म्हणजे फ्रान्समध्ये बनवलेलं. 'कोंस्यू आं फ्रांस' म्हणजे इथे फक्त डोकं चालवलं, हात दुसरीकडे चालले. 'आसांब्ले' म्हणजे सुटे भाग इथे जोडले. 'कोंदिसियोने' म्हणजे इथे नुसतं बाटलीत किंवा पुडक्यात भरलं. चारही शब्दांशेजारी तोच तिरंगी झेंडा छापलेला असतो. या जत्रेत शिरताना माल गाळून घेतात, तरी सवय इथे लागली की बाहेरच्या दुकानात उपयोगी पडते. तिथे झेंडा फारच स्वस्त झालाय.

आणि 'फ्रान्समध्ये बनवलेलं' याचाही अर्थ 'सगळं फ्रान्सचं' असा नाही. कायद्याच्या हिशेबात जिथे मालावर शेवटचं मोठं रूपांतर झालं तो त्याचा देश. फ्रान्सच्या ब्रेतान प्रांताचा प्रसिद्ध पट्ट्यापट्ट्यांचा मारिनिएर घ्या. १८५८ च्या हुकुमाने नौदलाच्या शिपायांना दिलेला सदरा, अंगावर २१ पांढरे पट्टे. २०१२ मध्ये उद्योगखात्याचे मंत्री आर्नो मोंतबूर हाच सदरा घालून, हातात मिक्सर धरून एका मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले आणि देशी मालाची चर्चा घरोघर पोचली. पण त्यातला कापूस बाहेरून येतो. विणकाम, शिलाई इथली असेल तर सदरा फ्रेंच. मला यात फसवणूक वाटत नाही, पण विचारायला हवं. 'सूत कुठलं, विणलं कुठे, शिवलं कुठे' असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. खरा कारागीर तिन्हींची उत्तरं न अडखळता देतो, वर एखादा फोटोही दाखवतो. 'ओरिजीन फ्रांस गारांती' हा शिक्का दिसला तर तपासणी बाहेरच्या संस्थेने केलेली असते आणि उत्पादनखर्चाचा किमान निम्मा भाग फ्रान्समधला असावा लागतो. त्याहून पक्कं म्हणजे भौगोलिक मानांकन. लिमोजच्या चिनी मातीच्या भांड्यांना ते २०१७ मध्ये मिळालं. भांडं घडवणं आणि रंगवणं दोन्ही लिमोजच्या ओत-व्हिएन जिल्ह्यातच व्हायला हवं. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं तसंच हे. नाव जुनं, कागद नवा.

साबणापाशी चष्मा लावाच. मार्सेयचा साबण म्हणून जगभर जे विकलं जातं त्या नावाला असं पक्कं संरक्षण नाही, त्यामुळे लव्हेंडरच्या वासाची गुलाबी वडीही स्वतःला मार्सेयची म्हणवते. १६८८ मध्ये चौदाव्या लुईच्या हुकुमाने ऑलिव्ह तेलाशिवाय दुसरं तेल-चरबी घालायला मनाई झाली होती. आज ती सक्ती उरलेली नाही. जुन्या पद्धतीचा साबण ओळखायचा तो असा. ओबडधोबड चौकोनी ठोकळा, शेवाळी हिरवा किंवा मळकट पांढरा, अंगावर ठसा आणि '७२%' हा आकडा. वास घेतला तर आजीच्या मोरीची आठवण यावी, अत्तराच्या दुकानाची नाही. घटकांची यादी जितकी लहान तितकं बरं. त्यात 'सोडियम ऑलिव्हेट' म्हणजे ऑलिव्ह, 'कोकोएट' म्हणजे खोबरेल, 'पामेट' म्हणजे पाम तेल. 'सोडियम टॅलोएट' दिसलं तर ती जनावराची चरबी. पूजेच्या घरात भेट म्हणून नेणार असाल तर हा एक शब्द तेवढा बघाच.

चाकू घ्यायचा तर आधीच ठरवून जा, गाळ्यावर सगळेच हातात छान बसतात. साव्वामधला ओपिनेल १८९० पासूनचा. लाकडी मूठ आणि पातं अडकवणारी फिरती कडी, जी १९५५ मध्ये आली. आठ नंबर रोजच्या वापराला पुरतो. पात्यावर 'कार्बोन' लिहिलं असेल तर तो आपल्या लोखंडी विळीच्या जातीचा. धार सुरेख, पण लिंबू-टोमॅटो कापून तसाच ठेवला की काळा पडतो आणि गंजतो. लगेच पुसणारं माणूस घरात असेल तरच घ्या, नाहीतर 'इनॉक्स', म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, बरा. लायोल नावाने विकले जाणारे, मुठीच्या वरच्या कण्यावर माशी असलेले चाकू दिसायला राजबिंडे. पण लायोल हे आव्हेरोन जिल्ह्यातलं एक गाव आहे आणि त्या नावाचे चाकू पार आशियातूनही बनून येतात. 'कुठल्या कारखान्यात' हा प्रश्न इथे हक्काने विचारा. उत्तरात लायोल किंवा चाकूंसाठीच ओळखलं जाणारं तिएर हे गाव आलं तर ऐका पुढे. घेतलेला चाकू डब्यात, पावतीसकट, पिशवीच्या तळाशी ठेवा. फ्रान्समध्ये कारणाशिवाय खिशात चाकू बाळगणं गुन्हा आहे, आणि तिथून थेट संग्रहालयात गेलात तर दारावर अडाल. कुणाला भेट देणार असाल तर त्याच्याकडून एक नाणं मागून घ्या. फुकट दिलेला चाकू मैत्री कापतो, असं इथे मानतात. आपल्या आज्यांना हे लगेच पटलं असतं.

खाण्याच्या भागात शाकाहारी माणसाची खरी परीक्षा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की लोक मासे पुढे करतात, म्हणून मांस, मासे, चरबी असं एकेक नाव घेऊन नाही म्हणायचं. 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, ते पावातही असतात. 'सँदू' म्हणजे डुकराची चरबी, 'ग्रेस द कानार' बदकाची. मऊ गोळ्या-वड्यांत 'जेलातीन' असते. बोर्दोच्या कानले नावाच्या छोट्या केकमध्ये रम असते, दारू वर्ज्य असलेल्यांनी दुरूनच बघावा. मोंतेलिमारच्या नुगा या मिठाईत अंड्याचा पांढरा बलक. एक्स गावचे कालिसों, बदाम आणि पाकवलेल्या खरबुजाची होडीसारखी वडी, आपल्या बदामकतलीच्या चुलत बहिणी. पण वरच्या पांढऱ्या साखरेतही अंडं असतं.

चीझबद्दल फार कुणी सांगत नाही. कोंते, रोकफोर यांसारख्या मानांकित चीझचं दूध नासवायला 'प्रेज्युर' घालतात, म्हणजे वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून निघणारा पदार्थ. दुधाचंच म्हणून आयुष्यभर चवीने खाल्लेल्या काकांना मी हे जत्रेत सांगितलं. त्यांनी हातातला तुकडा बघितला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी आधी सांगत जा." तुम्हाला चालत नसेल तर 'प्रेज्युर आनिमाल?' एवढं विचारा, विक्रेते खरं सांगतात. चालत असेल तर कोंते चुकवू नका. एका चाकाचं वजन चाळीस किलोच्या आसपास, त्याला साधारण चारशे लिटर दूध लागतं, आणि किमान चार महिने ते तळघरात मुरतं. वेगवेगळ्या वयाचे दोन तुकडे मागा आणि कोवळा आधी खा. जुन्या कोंतेत दाताखाली कचकन काहीतरी लागतं, ते मीठ नाही, मुरताना प्रथिनं फुटून तयार झालेले स्फटिक.

मोहरीच्या गाळ्यावर मात्र आपण पाहुणे नाही. दिजोंच्या मोहरीतलं बी बहुतेक आपल्या फोडणीतल्या राईच्याच जातीचं, ब्रासिका जुंसिया. आपण ती तडतडवतो किंवा लोणच्यासाठी पाण्यात फेसतो, हे तिला आंबट रसात भिजवून वाटतात. फेसलेली मोहरी ज्याच्या नाकात एकदा गेली आहे त्याने चमचा बेतानेच घ्यावा. 'दिजों' हे कृतीचं नाव आहे, गावाचा दाखला नाही. बी बरंचसं कॅनडातून येतं. तिथे दुष्काळ पडला, वर युक्रेनचं युद्ध सुरू झालं, आणि २०२२ मध्ये फ्रान्सच्या दुकानांत मोहरीचे कप्पे रिकामे पडले. आमच्याकडे माणशी एकच बरणी देत होते. स्थानिक हवी असेल तर 'मुतार्द द बूर्गोन्य', म्हणजे बुर्गुंडी प्रांताची मोहरी, मागा. २००९ पासून मानांकन, बी बुर्गुंडीतलंच आणि वाटायला तिथलीच पांढरी वाइन. म्हणजे वाइन वर्ज्य असेल तर पुन्हा चष्मा.

बोलण्याची तयारी छोटी, पण तिच्यावाचून अडतं. गाळ्याजवळ गेल्यावर काहीही विचारण्याआधी, काहीही उचलण्याआधी 'बोंजूर'. ते राहिलं तर पुढचं फ्रेंच कितीही शुद्ध असो, समोरचा चेहरा बंद. मग 'ज प्य गूते?', चाखू का? चाखलं म्हणजे घेतलंच पाहिजे असं नाही, 'मेर्सी' म्हणून पुढे जाता येतं. घासाघीस करू नका. शेवटच्या दिवशी संध्याकाळी खाण्याचे गाळेवाले स्वतःच भाव कमी करतात कधीकधी, पण तोंडाने मागितलं तर दुखावतात.

कार्ड सगळीकडे चालतं, तरी वीस-तीस युरो सुटे ठेवा. पासपोर्टही जवळ असू द्या. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला एकाच विक्रेत्याकडे शंभर युरोंच्या वर खरेदी झाली तर कर परत मिळू शकतो. छोटे कारागीर ते कागद करत नाहीत, म्हणून पैसे देण्याआधी 'देताक्स?' विचारा, नंतर नाही.

घरून दोन कापडी पिशव्या न्या, पातळ प्लास्टिकच्या पिशव्या इथल्या दुकानांच्या गल्ल्यावरून २०१६ मध्येच गेल्या. कपबश्यांसाठी जुना टॉवेल न्या. आणि झाकणाचा स्टीलचा डबा. विमानात मोहरी, मध, मुरंबा, मऊ चीझ हे सगळं द्रवात मोजतात. शंभर मिलीच्या वरचं काही हातातल्या सामानात गेलं की गेलंच. माझी बुर्गुंडीची दगडी बरणी अशीच एका विमानतळावर राहिली. चाकू आणि बरण्या दोन्ही खालच्या बॅगेत, बरण्या मोज्यांत गुंडाळून.

डबा चीझसाठी. पहिल्यांदा नेला तेव्हा मलाच संकोच वाटला होता. जुरामधली गाळेवाली बाई तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघत राहिली, तुकडा कागदात गुंडाळून आत ठेवला, झाकण दोनदा लावून-काढून पाहिलं आणि मला विचारलं, "हे कुठं बनलं?" मी बुडाशी कोरलेलं सासूबाईंचं नाव दाखवलं.