गेमिंग माऊसची तुलना करताय? आधी या चुका टाळा

माऊस घ्यायचा म्हटलं की मला ठरलेला मेसेज येतो. दोन बॉक्सचे फोटो आणि खाली, "दादा, यातला कुठला भारी? याचा डीपीआय 26,000 आहे." डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की बाण पडद्यावर किती ठिपके सरकतो, तो आकडा. मी उलट विचारतो, तू खेळतोस कितीवर? उत्तर बहुतेक वेळा 800.

मग त्या 26,000 चं काय लोणचं घालायचं? त्या सेटिंगला फुल एचडी स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकाला जायला हात दोन मिलिमीटरही हलवावा लागत नाही. स्वस्त माऊसवर तर हा आकडा बरेचदा फुगवलेलाच असतो. सेन्सर, म्हणजे माऊसच्या पोटातला हालचाल टिपणारा डोळा, मोजतो कमी, पुढचं गुणाकार करून वाढवलेलं. म्हणून बॉक्सवर मी आधी सेन्सरचं नाव शोधतो. डीपीआय टपोऱ्या अक्षरांत छापलाय आणि सेन्सरचा मॉडेल नंबर कुठेच नाही, असं दिसलं की तो बॉक्स मी खाली ठेवतो.

नाव सापडलं तरी घाई नको. पिक्सआर्ट या कंपनीचा पीएमडब्ल्यू 3360 सेन्सर सेकंदाला 250 इंचांपर्यंतची हालचाल पकडतो, म्हणजे सहा मीटरपेक्षा जास्त. त्याच कंपनीचा नंतरचा पीएडब्ल्यू 3395 पकडतो 650 इंच, म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या आसपास. मनगट एवढ्या वेगाने फिरवून दाखवा, मग फरकाबद्दल बोलू. 3395 चा खरा फायदा वेगळाच आहे. तो वीज फार कमी खातो, त्यामुळे वायरलेस माऊस हलका ठेवूनही बॅटरी टिकते. वायरवालाच घ्यायचा असेल, तर 3360 चा माऊस जुना म्हणून नाकं मुरडू नका.

"सेन्सर खराब आहे" हा निकाल पाच मिनिटांत देणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा नवा वायरलेस माऊस परत करायला निघाला होता. "काका, ऐन फाइटमध्ये क्रॉसहेअर अडकतो. सेन्सर बेकार." क्रॉसहेअर म्हणजे गेममधली नेम धरायची खूण. जाऊन पाहिलं. डेस्कटॉपवर माऊस लोण्यासारखा चालत होता, गेम सुरू केला की अडखळायचा. गेम होता बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती लावलेली कॅबिनेटच्या मागच्या निळ्या यूएसबी 3.0 पोर्टला आणि माऊसचा डाँगल, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा यूएसबी तुकडा, तिला अगदी खेटून. कॅबिनेट टेबलाखाली, भिंतीला लागून.

यूएसबी 3.0 मधून डेटा वाहायला लागला की 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने 2012 सालीच हे कागदावर मांडलंय. माऊसचा रेडिओही त्याच पट्ट्यात बोलतो. डाँगल लांब ठेवण्यासाठी कंपनीने दिलेली एक्स्टेन्शन केबल बॉक्समध्ये पिशवीसकट पडून होती. ती जोडून डाँगल माऊसपॅडपासून वीतभर अंतरावर ठेवला आणि अडखळणं थांबलं. पठ्ठ्याने तोवर एक स्टार देऊन "घेऊ नका" असा रिव्ह्यू टाकलासुद्धा होता. असले रिव्ह्यू वाचून बाकीचे तुलना करतात!

दोन्ही माऊस 800 वर ठेवले म्हणजे झालं, असं समजणं

नाही झालं. एकाचे 800 प्रत्यक्षात 780 निघतात, दुसऱ्याचे 830. सेन्सर तोच असला तरी लेन्स आणि तिची पृष्ठभागापासूनची उंची यावर आकडा हलतो. माऊसच्या तळाला जाड स्केट्स, म्हणजे घसरते पाय, चिकटवले तरी थोडा बदलतो. मी टेबलावर फूटपट्टी सेलोटेपने चिकटवतो, गेममध्ये भिंतीवरची एक खूण धरतो आणि नजर पूर्ण गोल फिरून पुन्हा त्या खुणेवर यायला माऊस किती सेंटिमीटर सरकतो ते बघतो. दोन्ही माऊसचं अंतर जुळेपर्यंत सेन्सिटिव्हिटी बदलतो. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून "हा जास्त फास्ट वाटतो" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आणि ही तुलना गेममध्येच करा. विंडोजमध्ये "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" चालू असेल तर डेस्कटॉपवरचा बाण हाताच्या वेगाप्रमाणे कमीजास्त पळतो, त्यावरून सेन्सरचं काहीच कळत नाही.

बाकीचं झटपट. माऊसच्या सेटिंगमधलं अँगल स्नॅपिंग बंद करा. ते रेघा सरळ करतं, नेम नाही. 1000 हर्ट्झला माऊस दर मिलिसेकंदाला खबर देतो, 8000 ला दर 0.125 मिलिसेकंदाला, जुन्या प्रोसेसरवर त्यापायी फ्रेम्स पडतात, म्हणजे गेमचं चित्र अडखळतं, आणि वायरलेसची बॅटरी भसाभस उतरते, तेव्हा 1000 वरच राहा. काचेच्या टेबलावर किंवा गेल्या वर्षीच्या गुळगुळीत कॅलेंडरवर माऊस फिरवून सेन्सरला शिव्या देऊ नका, साधं कापडी पॅड आणा. बाण एकाच जागी थरथरत असेल तर माऊस उलटा करून लेन्सच्या खाचेत केस अडकलाय का ते बघा. आणि नवा माऊस घासत चालतोय अशी तक्रार करण्याआधी पायांवरची पातळ प्लॅस्टिक फिल्म काढा. हो, हेही सांगावं लागतं.