बोलोन्याचे मनोरे आणि वास्तुसंवर्धनाचा अभ्यास

वास्तुसंवर्धनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जे इटलीतील बोलोन्या शहरात यायचा विचार करत आहेत, त्यांना माझे पहिले सांगणे हे की, उपकरणे आणि सॉफ्टवेअर यांच्याआधी दगड, वीट आणि चुना यांची ओळख करून घ्या. कारण इथल्या मनोऱ्यांचे खरे दुखणे डोळ्यांना दिसणाऱ्या कलण्यापेक्षा भिंतीच्या पोटात जास्त आहे.

पोर्ता राव्हेन्याना चौकात बाराव्या शतकातील दोन मनोरे शेजारी उभे आहेत. असिनेल्ली सुमारे ९७ मीटर उंच आहे. गारिसेंडा आज ४८ मीटरच उरला आहे, कारण जमीन खचून तो झुकू लागल्यावर चौदाव्या शतकात त्याचा माथा उतरवावा लागला. तरीही तो सुमारे चार अंश कललेला आहे. मध्ययुगात धनाढ्य घराण्यांनी बांधलेल्या अशा मनोऱ्यांपैकी आता वीसएक शिल्लक आहेत. याच चौकालगतचे काही मनोरे विसाव्या शतकाच्या आरंभी रस्ता रुंद करण्यासाठी शहराने स्वतःच पाडले, याचे मला आजही वाईट वाटते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये गारिसेंडाच्या हालचालींच्या नोंदी चिंताजनक ठरल्याने त्याच्याभोवतीचा परिसर बंद करण्यात आला, तेव्हा मी पहिल्याच सत्रात होतो. वर्गात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. या मनोऱ्यांच्या भिंती एकसंध नसतात. बाहेरून आणि आतून विटांचे पक्के बांधकाम, आणि मध्ये गोटे व चुना यांची भर, अशी ती रचना असते. इटालियनमध्ये तिला ‘साक्को’, म्हणजे पोते, या शब्दाने ओळखतात. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या तटांतही दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये भर असते, त्यामुळे ज्याने एखाद्या ढासळलेल्या तटाची कूस जवळून पाहिली आहे, त्याला ही गोष्ट चटकन उमगेल. भर सैल झाली की भार बाहेरच्या थरावर येतो, आणि तो थर फुगू लागतो.

गारिसेंडाच्या पायथ्याला मात्र वीट नाही, तिथे सेलेनाइटचे ठोकळे आहेत. सेलेनाइट म्हणजे जवळच्या टेकड्यांतला जिप्समचा दगड. प्रयोगशाळेत आमच्या हाती त्याचा एक तुकडा दिला गेला. उजेडात तिरका धरला की तो चमकत होता, आणि नख ओढताच त्यावर पांढरा ओरखडा उमटला. हा दगड पाण्यात थोडाथोडा विरघळतो, आणि आच लागली की त्याच्या स्फटिकांतले पाणी निघून जाऊन तो कमकुवत होतो. या मनोऱ्याच्या पायथ्याशी एके काळी लोहारांच्या भट्ट्या होत्या, हे कळल्यावर तो तुकडा मी पुन्हा एकदा हातात घेतला.

पुढे पायथ्याभोवती संरक्षक कडे उभारले गेले, आणि पिसाच्या मनोऱ्याला सावरताना वापरलेली साधने इथे आणण्याचे ठरले. अशा कामात आधी आधार, मग मोजणी, आणि त्यानंतरच दुरुस्ती, हा क्रम नीट समजून घ्या. चुन्याच्या बांधकामात घाईने सिमेंट भरले, तर त्यातले क्षार आणि अडकलेला ओलावा मूळ दगडाचेच नुकसान करतात.

शेवटी भाषेविषयी. अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी जुने नकाशे, दुरुस्तीच्या नोंदी आणि गवंड्यांचे बोलणे इटालियनमध्येच असते. म्हणून निघण्यापूर्वी किमान वर्षभर ती भाषा शिका, आणि जमल्यास गावाकडच्या एखाद्या गवंड्याकडे चुना मळायलाही काही दिवस घालवा.