ज्येष्ठांच्या ओपीडीत जाताना गोळ्यांची पिशवी न्या

‘सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ या प्रश्नाला ‘सकाळी एक पांढरी, रात्री अर्धी गुलाबी’ असं उत्तर दिलं की डॉक्टरांचा वेळ जातो आणि कधी कधी तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने पुन्हा लिहून मिळते. जे. जे.सारख्या सरकारी रुग्णालयातल्या ज्येष्ठांच्या विभागात रांग संपून नंबर लागल्यावर हे आठवत बसायला सवड नसते.

१. आदल्या रात्री घरातली सगळी औषधं एका कापडी पिशवीत भरा. डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन, गुडघ्याचं मलम, वैद्यांचं चूर्ण, शेजारच्या काकूंनी दिलेली झोपेची गोळीसुद्धा. (तीच सांगायची राहते.)

२. स्ट्रिप अशा बाजूने कापा की औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि एक्स्पायरी शेवटपर्यंत शिल्लक राहील. सुट्ट्या गोळ्या आणल्या असतील तर केमिस्टकडून पुडीवर नाव लिहून घ्या.

३. एका कागदावर तीन रकाने आखा: सकाळ, दुपार, रात्र. समोर प्रत्यक्षात घेतात तेच लिहा, चिठ्ठीवर आहे ते नव्हे. खाली ॲलर्जी आणि गेल्या वर्षभरात कधी पडले असतील तर तेही. ज्येष्ठांच्या तपासणीत तोल जाऊन पडल्याची चौकशी होतेच.

४. कागदाचा फोटो सोबत येणाऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवा.

दोन गोळ्या सारख्याच आहेत असं वाटलं तरी त्यातली एक आपल्या मनाने बंद करू नका. बीपीची, साखरेची किंवा झोपेची तर मुळीच नाही. आधी डॉक्टरांना दाखवा.