मॅफच्या टेबलाला हात लावण्याआधी

मॅफ म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर; त्याच्या कोणत्या व्होल्टेजला किती हवा, हे ईसीयूतल्या (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या) टेबलात लिहिलेलं असतं. हा सेन्सर बसतो तो 60 मिमीचा इनटेक पाइप काढून 70 मिमीचा बसवला की आतलं क्षेत्रफळ साधारण 36 टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा आता सेन्सरच्या तापलेल्या तारेवरून सावकाश जाते, व्होल्टेज कमी येतं, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो आणि इंजिन लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालतं. हे सुधारायला कॅलिब्रेशन, म्हणजे टेबलातले आकडे नव्या पाइपला जुळवणं. पण गाडीतला दुसराच दोष टेबलात भरला गेला, तर तो पुढे सापडता सापडत नाही. म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी पुढचं सगळं करून घ्या.

पहिलं काम गळती शोधायचं. टर्बो गाडीच्या इनटेकमध्ये धूर सोडून एकूण एक जोड तपासा. मॅनिफोल्डच्या बाजूला चीर असेल तर आयडलला न मोजलेली हवा आत शिरते आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये स्वतः करतो ती टक्क्यांतली दुरुस्ती) +10, +12 दाखवतात. बूस्ट (टर्बोचा दाब) आला की मोजलेली हवा त्याच चिरेतून बाहेर पळते आणि गाडी रिच (पेट्रोल जास्त) होते. खाली लीन, वर रिच असं दिसलं की टेबलाला हात लावू नका. मी माझ्या गाडीवर दोन रविवार आकडे बदलत बसलो होतो. चीर निघाली व्हॅक्यूम होजला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, नखाएवढी. होज वाकवली तरच दिसायची.

एक्झॉस्टही तसाच बघा. वाइडबँडच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) आधी गळती असली की बाहेरची हवा ओढली जाते आणि रीडिंग खोटं लीन येतं. बॉशचा एलएसयू 4.9 हा वाइडबँड लावताना टोक खाली झुकलेलं ठेवा, पाणी साचलं तर आतलं सिरॅमिक तडकतं.

इंजेक्टरही बदलले असतील तर आधी जुन्या पाइपवर त्यांचा फ्लो आणि डेड टाइम (उघडायला लागणारा वेळ) बसवा, मगच नवा पाइप चढवा. दोन्ही एकदम बदललं की कोणाची चूक कोणाच्या खात्यात गेली ते कळत नाही.

पेट्रोल एकाच पंपावरचं, टाकी भरून. शुद्ध पेट्रोलला लागणाऱ्या हवेचं प्रमाण 14.7, ई20 चं (20 टक्के इथेनॉल) साधारण 13.5, त्यामुळे मीटर लॅम्ब्डावर ठेवा (त्यात कुठल्याही पेट्रोलचं अचूक प्रमाण म्हणजे 1).

सेन्सर फक्त मॅफ क्लीनरने धुवा, कापड किंवा बोट लावू नका, पूर्ण वाळू द्या. फिल्टर आणि पाइप कोणत्या कोनात बसलेत त्यावर नेलपॉलिशची रेघ मारा. फिल्टर थोडा फिरला तरी तारेवरचा झोत बदलतो आणि रीडिंग हलतं.

इंजिन पूर्ण गरम, कॅनिस्टर पर्ज (टाकीतल्या वाफा इंजिनात सोडणारी झडप) बंद. लॉगमध्ये मॅफ व्होल्टेज, आरपीएम, थ्रॉटल, दोन्ही ट्रिम (तात्पुरती आणि दीर्घकालीन), लॅम्ब्डा आणि इनटेक तापमान हवंच. थ्रॉटल झटक्यात हलल्याच्या ओळी काढून टाका. पुण्याच्या उंचीसाठी वेगळी दुरुस्ती लागत नाही, हा सेन्सर हवेचं वस्तुमानच मोजतो. फुल थ्रॉटल रस्त्यावर नको, डायनोवरच (गाडी जागेवर पळवून मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या. व्होल्टेज 5 ला टेकत असेल तर थांबा, मोठं हाउसिंग लागेल.

2.10 व्होल्टला दोन्ही ट्रिमची बेरीज +8 आली तर तिथला आकडा 1.08 ने गुणायचा. फुल थ्रॉटलला मागितलेला लॅम्ब्डा 0.85 आणि आलेला 0.89, म्हणजे साधारण 4.7 टक्के वाढ. शेजारचे आकडेही हलक्या हाताने जुळवून घ्या, वक्रात पायरी राहिली तर गाडी तिथेच अडखळते. आणि मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर, तारीख घालून, पहिला आकडा बदलायच्या आत.